तुमचं नाव कोणत्या यादीत?

निघण्याआधी खिसे रिकामे करा. मोबाइल घरी ठेवा, आधार कार्डही ठेवा, आणि सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट तर कपाटातून काढूच नका. आपण जिथे जाणार आहोत तिथे हे कागद कुणी मागणार नाही. तिथे नाव विचारतील, गाव विचारतील, आणि मग जरा थांबून तिसरा प्रश्न येईल: तुम्ही कोणाचे? या तिसऱ्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं ते मी सांगू शकत नाही, कारण तुमचं आडनाव मला ठाऊक नाही. पण या प्रवासात बरंच काही त्या उत्तरावर ठरणार आहे.

सकाळची वेळ आहे. खांदा कॉलनीतली माणसं खांदेश्वर स्टेशनकडे घाईने निघालीत. तुम्ही उलट्या दिशेला वळा. ठाकूर महाविद्यालयाकडे जाणारी पोरं, वडापावची गाडी, झाडाला टांगलेली ‘टू बीएचके भाड्याने देणे’ची पाटी, डोक्यावरून जाणारं विमान. आता यातली एकेक गोष्ट कमी होऊ द्या. सगळ्यांत आधी विमान जाईल. नवी मुंबईच्या विमानतळावरून प्रवासी वाहतूक सुरू झाली ती २५ डिसेंबर २०२५ ला, म्हणजे ते पुसायला फार मागे जावं लागत नाही. मग हार्बरची लोकल जाईल, इमारती जातील, सेक्टरचे आकडे जातील. उरेल ते मूळ खांदा गाव, खांदेश्वराचं देऊळ, तळं आणि भाताची खाचरं.

पहिला मुक्काम १६ जानेवारी १९८४. उरणच्या रस्त्याला लागा आणि जासईजवळ दास्तान फाट्याला उतरा. कापणी कधीच उरकली आहे, खाचरांत भाताचे खुंट उभे आहेत. रस्ता मात्र माणसांनी भरलाय. आगरी आहेत, कोळी आहेत, कराडी आहेत. बायका पुढे आहेत, लुगड्याचा कासोटा घट्ट मारून. ही सगळी माणसं एकाच यादीत आहेत आणि ती यादी सरकारने केली आहे. १७ मार्च १९७० ला सिडको स्थापन झाली आणि ठाणे आणि कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांतल्या पंच्याण्णव गावांची जमीन नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं. नोटिसा निघाल्या त्या १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली. इंग्रज गेले, हा कायदा मागे राहिला. त्यात ‘सार्वजनिक प्रयोजन’ असे दोन शब्द होते. ते लिहिले की शेतकऱ्याने हरकत नोंदवायची, ती कुणीतरी ऐकून घ्यायची आणि जमीन जायची. मोबदला कमी वाटला तर कोर्टात भांडा.

या गर्दीचे पुढारी दि. बा. पाटील. जासईचेच, पेशाने वकील, शेतकरी कामगार पक्षाचे, पनवेलमधून पाच वेळा आमदार झालेले, विधानसभेत विरोधी पक्षनेते राहिलेले. मागणी तुम्ही गर्दीत कुणालाही विचारा, दोन वाक्यांत सांगेल: जमिनीला नीट भाव द्या, आणि आमच्या शेतावर जे शहर उभं राहणार त्यात आम्हालाही वाटा द्या. शहर नको असं कुणी म्हणत नाहीये.

गोळीबाराचं वर्णन मी करणार नाही. आज आणि उद्या मिळून पाच शेतकरी मरतील. ज्यांची माणसं गेली ती घरं अजून त्याच गावांत आहेत, दर वर्षी या दोन दिवशी तिथे अभिवादन होतं, आणि तुम्ही तिथून सव्वा तासाच्या आत राहता.

एक गोष्ट मात्र या रस्त्यावरच उभं राहून समजून घ्या. मूळ राज्यघटनेत मालमत्तेचा अधिकार हा मूलभूत अधिकार होता. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने तो त्या यादीतून निघाला आणि कलम ३०० अ म्हणून मागच्या बाकावर जाऊन बसला. हेतू वाईट नव्हता. मोठे जमीनदार मूलभूत अधिकाराची ढाल पुढे करून जमीन सुधारणांचे कायदे अडवत होते, ती ढाल काढून घ्यायची होती. पण ढाल गेली ती सगळ्यांचीच. जासईच्या अडीच एकरवाल्याला जमीनदार म्हणण्याइतका विनोद कुणी केला नसेल, तरी १९८४ साली त्याच्या जमिनीमागे मूलभूत अधिकार उभा नव्हता. कोर्टात फार काही मिळण्यासारखं नव्हतं म्हणून तो रस्त्यावर आला. सभेचा, भाषणाचा, संघटनेचा अधिकार शाबूत होता. तेवढ्यावर तो लढला.

आणि मतावर. त्याच वर्षाच्या अखेरीस लोकसभेची निवडणूक झाली. इंदिरा गांधींच्या हत्येनंतरची लाट होती, काँग्रेसने देशभरात चारशेच्या वर जागा जिंकल्या. कुलाब्याने त्या लाटेत दि. बां.ना निवडून दिलं. पुढे नव्वदच्या दशकात साडेबारा टक्के योजना उभी राहिली: संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ शेतकऱ्याला. तुमच्या परिसरातल्या अनेक इमारती अशाच भूखंडांवर आहेत. फ्लॅट घेताना दलाल ‘साडेबाराचा प्लॉट आहे’ म्हणाला असेल आणि तुम्ही फक्त कर्ज मिळेल का एवढंच विचारलं असेल. सगळेच तसं करतात.

आता मागे चला. याच शेतांवर ही माणसं मालक कधी झाली?

दूर नाही, १९५७. फेब्रुवारी-मार्चचं ऊन. शाळेच्या पडवीत मतदान चाललंय. आत गेलात तर शिक्का दिसणार नाही, बटण तर नाहीच. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी आहे, तिच्यावर त्याचं चिन्ह चिकटवलंय. चिठ्ठी हव्या त्या पेटीत टाकायची आणि बाहेर यायचं. तुमच्या पुढे रांगेत एक म्हातारी आहे. पाच वर्षांपूर्वी, १९५२ साली, तिने आयुष्यात पहिल्यांदा मत दिलं. त्याआधी मत होतं ते ठरावीक सारा भरणाऱ्याला, कर भरणाऱ्याला, शिकलेल्याला. पनवेलला नगरपालिका १८५२ पासून आहे, महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्यांपैकी एक म्हणून तिचं कौतुक होतं आणि ते रास्तही आहे, पण या म्हातारीला शंभर वर्षं तिच्याशी काही देणंघेणं नव्हतं. नगरपालिकेलाही म्हातारीशी नव्हतं.

१९५२ साली कुलाब्याने लोकसभेवर पाठवलं ते चिंतामणराव देशमुखांना. महाडजवळच्या नात्याचे, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, देशाचे अर्थमंत्री. एवढा मोठा माणूस आपला खासदार म्हणून लोक खूश होते. १९५६ मध्ये मुंबई महाराष्ट्राला द्यायची नाही असं ठरताना दिसलं तेव्हा देशमुखांनी मंत्रिपद सोडलं. आज, ५७ साली, संयुक्त महाराष्ट्राचं वारं आहे. पनवेलमध्ये पेटी भरतेय ती एकतिशीतल्या दि. बा. पाटलांची. मागच्या वेळी ज्या पक्षाला डोक्यावर घेतलं त्याला या वेळी उतरवलं, कुणाचं घर जळलं नाही, दुसऱ्या दिवशी बाजार भरला. ज्यांना मत मिळून जेमतेम पाच वर्षं झाली त्यांनी हे केलं. मतदार शहाणा नसतो, अडाण्याच्या हाती मत देऊ नये, असं एकोणिसाव्या शतकातले विलायती उदारमतवादीसुद्धा गंभीर चेहऱ्याने लिहीत. त्यांना या पडवीत आणून उभं करायला हवं होतं.

महिन्याभरात १ एप्रिल उजाडेल. कूळकायद्याचा ‘कृषक दिन’. त्या दिवशी जमीन कसणारं कूळ कायद्याने जमिनीचं खरेदीदार झालं. सातबाऱ्यावर इतर हक्कांच्या रकान्यात अंग चोरून बसलेलं नाव हळूहळू कब्जेदाराच्या रकान्यात सरकलं. सगळ्यांचं नाही. कितीतरी ठिकाणी मालकाने आधीच कुळाकडून राजीनामा लिहून घेतला होता, आणि ‘राजीखुशीने’ हा शब्द त्या कागदांत फार वेळा येतो. तरी पुष्कळांचं नाव सरकलं. आणि मग, हिशेब करा, १९५७ ते १९७०. पिढ्यान् पिढ्या कूळ म्हणून राबलेल्या माणसाला मालक म्हणून तेरा वर्षं मिळाली, तेवढ्यात सिडकोची नोटीस आली. दास्तान फाट्यावरचा राग या तेरा वर्षांमुळे तसा होता. नुसत्या भावाचं भांडण असतं तर पाच माणसं मेली नसती.

अजून मागे. पनवेल सोडून खाडी ओलांडा आणि अलिबाग तालुक्यातल्या चरी गावात या. १९३४ सालचा पावसाळा. इथे तुम्ही कूळ आहात, दुसरं काही होता येणार नाही. पाऊस पडतोय आणि नांगर कोपऱ्यात आडवा पडलाय. शेतात पाणी साचलंय पण लावणी नाही. कोकणातल्या माणसाला आषाढात रिकामं शेत बघवत नाही, अंगावर काटा येतो. तुम्हालाही येऊ द्या. २७ ऑक्टोबर १९३३ ला चरीत सभा झाली, नारायण नागू पाटलांनी संपाची हाक दिली आणि पंचवीस गावांतल्या कुळांनी खोताची जमीन कसायची नाही असं ठरवलं. कारखान्यातल्या मजुराचा संप ऐकून माहीत होता. शेतकऱ्याचा संप म्हणजे स्वतःच्याच ताटावर बहिष्कार. खंड भरून हातात काही उरत नाही, मग राबून उपाशी मरायचं की न राबता, एवढाच फरक, असा तो हिशेब होता.

इथे तुम्ही डोंगरातून लाकूडफाटा आणून विकाल, कंदमुळं उकडून खाल, खाडीत हात घालाल. एक वर्ष नाही, सहा वर्षं. १९३९ पर्यंत. डिसेंबर १९३४ मध्ये चरीला शेतकऱ्यांच्या परिषदेला बाबासाहेब आंबेडकर आले. त्या गर्दीत आगरी होते, मराठा होते, महार होते, आणि सगळ्यांचा खोत एकच होता. १९३७ मध्ये नारायण नागूंनी ‘कृषीवल’ काढलं, कारण आपलं म्हणणं आपण छापल्याशिवाय कुणी छापत नाही हे कळलं होतं. तो पेपर अजून निघतो. १९३९ च्या कायद्यात ‘संरक्षित कूळ’ हा शब्द आला. सहा वर्षांच्या उपासाची ती पावती.

वाटेत चिरनेरला थांबायलाच हवं, पण थोडंच. २५ सप्टेंबर १९३०, अक्कादेवीचा माळ. जंगलाचा कायदा मोडायला लोक कोयते घेऊन चढले. कायदा सांगत होता की तुझ्या आजोबाने तोडलेलं लाकूड तू तोडलंस तर ती चोरी. गोळीबार झाला. मेलेल्यांत नाग्या महादू कातकरी होता, आगरी होते, कोळी होता, न्हावी होता. गोळी जात विचारत नाही असं म्हणतात. आपल्याकडे जात न विचारणारी ती बहुधा पहिलीच गोष्ट असावी.

आता खरा मुक्काम. इथे आपण जास्त वेळ राहणार आहोत.

महाड, मार्च १९२७. कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद. आणि इथे तो तिसरा प्रश्न तुम्हाला पहिल्याच नाक्यावर गाठेल. तुम्ही कोणाचे? एका उत्तराने तुम्ही मंडपात बसाल. दुसऱ्या उत्तराने तुम्ही माडीच्या खिडकीतून, अर्धं दार लोटून, रस्त्यावरची गर्दी बघत असाल. तिसरीही जागा आहे, तिथे माणसं मोजकी: अनंतराव चित्रे, सुरबानाना टिपणीस, गंगाधरपंत सहस्रबुद्धे. जन्म खिडकीतला आणि बसलेत मंडपात. त्यांच्या घरी त्या रात्री काय बोलणी झाली असतील याची कल्पना ज्यांनी घरात आंतरजातीय लग्न केलंय त्यांना करता येईल.

मंडपात बसलात असं धरून चालू. उन्हाळा लागलाय, हजारो माणसं आलीत, तहान लागलीय. पाणी आहे, पण विकत आणलेलं. परिषदेसाठी चाळीस रुपयांचं पाणी घ्यावं लागलं. चार पावलांवर चवदार तळं आहे, नगरपालिकेचं. त्यात गुरं पाणी पितात. ख्रिस्ती, मुसलमान पितात. तुम्ही प्यायचं नाही.

गंमत अशी की कायद्याने तुम्ही केव्हाच पिऊ शकत होता. सीताराम केशव बोले यांनी ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबईच्या कायदे कौन्सिलात ठराव मांडून मंजूर करून घेतला होता: सरकारी पैशाने बांधलेले वा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले. १९२४ साली टिपणीस अध्यक्ष असताना महाडच्या नगरपालिकेनेही तळं खुलं केल्याचा ठराव केला. तीन वर्षं उलटली. कुणी प्यायलं नाही, कारण प्यायला गेलं की काय होईल हे सगळ्यांना माहीत होतं. ठराव फायलीत होता आणि तळं तळ्याच्या जागी.

२० मार्च. परिषद संपत आली आणि चित्रे उठले, आता सगळ्यांनी मिळून तळ्यावर जाऊ म्हणाले. उठा. चार-चारच्या रांगेत चला. रस्ता गप्प आहे. बाबासाहेब पुढे आहेत, वय पस्तीस, कोलंबियाची आणि लंडनची पदवी, बॅरिस्टर, आणि आजवर या तळ्याला हात लावायची मुभा नाही. ते खाली उतरतात, ओंजळ भरतात. मग तुम्ही. पाण्याला चव नाही. एवढ्या साध्या पाण्यासाठी एवढं?

त्यानंतरच्या दोन तासांत गावात अफवा पसरते की ही मंडळी वीरेश्वराच्या देवळात घुसणार आहेत. मंडपात जेवायला बसलेल्यांवर लाठ्या घेऊन लोक धावून येतात. अन्न मातीत जातं, डोकी फुटतात. काहींना मुसलमानांच्या घरांनी आसरा दिला. बाबासाहेबांनी आपल्या माणसांना उलट हात उचलू दिला नाही. मारणाऱ्यांपैकी काहींना पुढे चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. तळ्याचं मात्र शुद्धीकरण झालं, १०८ घागरी पाणी उपसून पंचगव्य घालून. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपलाच ठराव रद्द केला. बहुमताने. हे ‘बहुमताने’ विसरू नका. लोकशाहीत बहुमत सगळं ठरवतं असं शाळेत शिकवतात. महाडच्या नगरपालिकेने रीतसर मतदान घेऊन माणसाचा पाण्याचा हक्क काढून घेतला. बहुमताच्या हाती काय ठेवायचं नाही, याचा विचार बाबासाहेबांनी पुढे घटना लिहिताना केला, तो या अनुभवाशिवाय केला असं मला वाटत नाही.

डिसेंबरात पुन्हा या. या वेळी मुंबईहून, २४ तारखेला, पद्मावती बोटीने. दासगावला उतरून पाच मैल चालायचं, म्हणजे मोटारवाल्यांनी नाही म्हटलं तरी अडत नाही. गावात सभेला जागा द्यायला कुणी हिंदू तयार नाही. जागा दिली फत्तेखान नावाच्या मुसलमान माणसाने. ब्राह्मणेतर चळवळीचे जेधे आणि जवळकर पाठिंबा द्यायला तयार होते, अट एकच: सत्याग्रहात ब्राह्मण नकोत. बाबासाहेबांनी अट नाकारली. राग मनात धरायला कारण होतं, सोबत हवी होती, संख्या हवी होती, तरी नाकारली. अनेक जातींच्या, अनेक धर्मांच्या माणसांनी एकत्र राहायचं म्हणजे काय यावर आपण परिसंवाद घेतो. फत्तेखानाच्या जमिनीवर, सहस्रबुद्ध्यांच्या ठरावाने, महारांच्या परिषदेत २५ डिसेंबरच्या रात्री मनुस्मृती जाळली गेली, यात त्या परिसंवादाचं बरंचसं उत्तर आहे.

त्याच सभेत माणसाच्या हक्कांचा जाहीरनामा मंजूर झाला: जन्माने सगळे सारखे आणि मरेपर्यंत सारखेच राहतील. बाबासाहेबांनी भाषणात १७८९ च्या फ्रान्समधल्या राष्ट्रसभेची आठवण काढली. चिखलात बसलेल्या शेतमजुरांना व्हर्सायची गोष्ट सांगणारा पुढारी आज कुणी चालवून घेईल का, कोण जाणे. तेव्हा लोकांनी ऐकली. उदारमतवाद म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पगडी, उपरणं आणि पुण्यातली अर्जविनंत्यांची सभा येते. रानडे, गोखले मोठे होतेच, आणि बाबासाहेबांनी १९४३ साली पुण्यात रानड्यांच्या स्मृतीला दिलेल्या व्याख्यानात त्यांना मान दिलाच, पण उदारमतवादी पक्षाला संघटना उभी करता आली नाही यावर बोटही ठेवलं. तोच विचार कुलाबा जिल्ह्यात अनवाणी चालला.

आणि आता पुढचा दिवस. तळ्यावर जायला हजारो सत्याग्रही नावं नोंदवून तयार आहेत, तुरुंगात जायलाही. पण काही गावकऱ्यांनी दाव्यात तळं खासगी आहे म्हणून सांगितलंय आणि १४ डिसेंबरला कोर्टाने तात्पुरता मनाई हुकूम दिलाय. कलेक्टर सभेत येऊन समजावतो. मंडपात वाद पेटतो. तुमच्या शेजारचा तरुण म्हणतो, कोर्ट त्यांचं, जायचंच. त्याचं काय चुकतंय? मार्चमध्ये डोकं फुटलं ते त्याचंच. रात्रभर खल होतो. शेवटी बाबासाहेब सांगतात की आपलं भांडण सनातन्यांशी आहे, सरकारशी नाही. हुकूम मोडायचा नाही. तळ्याला मिरवणुकीने वळसा घालून लोक परत येतात, पाण्याला न शिवता. मला विचाराल तर पोथी जाळण्यापेक्षा हे फार अवघड होतं. कायद्याने ज्यांना कधी काही दिलं नव्हतं त्यांनी कायद्याला मुदत दिली.

मुदत लांबली. १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टात ‘नरहरी दामोदर वैद्य विरुद्ध भीमराव रामजी आंबेडकर’ या अपिलाचा निकाल लागला: पूर्वापार रूढी सिद्ध झालेली नाही, अपील फेटाळलं. निकाल देणाऱ्या न्यायमूर्तींत ब्रूमफील्ड होते, १९२२ साली अहमदाबादेत गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा देणारे तेच. एका ओंजळीचा निकाल यायला दहा वर्षं गेली. त्याच १९३७ च्या सप्टेंबरात बाबासाहेबांनी विधिमंडळात खोती बंद करण्याचं विधेयक मांडलं. तळ्यावरचा माणूस आणि चरीचा संपकरी तिथे एका कागदावर आले. आणि १९५० च्या घटनेत कलम १५ चं दुसरं उपकलम वाचून बघा. विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते: बोल्यांचा ठराव तिथे मूलभूत अधिकार होऊन बसलाय. या वेळी कुठल्या नगरपालिकेला तो बहुमताने रद्द करता येत नाही.

परत या. सेक्टरचे आकडे येऊ द्या, लोकल येऊ द्या. १ ऑक्टोबर २०१६ ला पनवेलची महापालिका झाली. २४ मे २०१७ ला पहिली निवडणूक, ७८ जागा, निम्म्या बायकांसाठी. महापौरपद अनुसूचित जातीच्या महिलेला राखीव होतं, डॉ. कविता चौतमोल पहिल्या महापौर झाल्या. महाडच्या ओंजळीला तेव्हा नव्वद वर्षं होत होती.

त्या सभागृहाची मुदत जुलै २०२२ मध्ये संपली. घटनेचं कलम २४३ यू सांगतं की मुदत संपण्याआधी निवडणूक झालीच पाहिजे. झाली नाही. ओबीसी आरक्षण, प्रभागरचना, कोर्ट, तारखा. साडेतीन वर्षं पनवेलवर प्रशासक होता आणि सभागृहात तुमचा एकही नगरसेवक नव्हता. मालमत्ता कराची बिलं मात्र येत राहिली; २०१६ पासूनचा कर मागितला म्हणून वसाहतींतली माणसं हायकोर्टापर्यंत गेली. करापुरते नागरिक आणि मतापुरते कुणीच नाही, अशी ही साडेतीन वर्षं. यावर खांदा कॉलनीत किती सभा झाल्या? पाण्याचा टँकर आला नाही, लिफ्ट बंद पडली, तर सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रात्री दोनपर्यंत भांडतो आपण. सभासद म्हणून आपण कडक आहोत. अखेर सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये कान उपटले तेव्हा १५ जानेवारी २०२६ ला मतदान झालं.

चरीच्या कुळाला सहा वर्षं उपास करूनही जे मिळालं नव्हतं ते मत आपल्याकडून साडेतीन वर्षांसाठी काढून घेतलं गेलं आणि आपण चहा घेत पेपर वाचला. हे मला लाजिरवाणं वाटतं, आणि त्यात मी कुणालाच वगळत नाही. तेव्हा आता घरी पोचलात की दोन कामं करा. मतदार यादीत आपलं, घरातल्या सगळ्यांचं आणि गेल्या वर्षी शेजारी राहायला आलेल्या भाडेकरूचं नाव आहे का ते बघा, नसेल तर नवीन नावासाठी सहा नंबरचा आणि पत्ता बदललेल्यासाठी आठ नंबरचा फॉर्म भरून द्या. आणि प्रभाग कार्यालयात जाऊन प्रभाग समितीची पुढची बैठक कधी आहे ते लेखी विचारा. उत्तर आलं नाही तर पुन्हा विचारा.